लिंकला हात कोणी लावायचा?

मेलच्या प्रोग्रॅमची तुलना करताना लोक जागा किती मिळते, कचरा कितपत अडतो, जुनी मेल पटकन सापडते का, एवढं बघतात. दिवसभरात ज्या गोष्टीवर बोट सगळ्यांत जास्त वेळा पडतं ती मात्र या तुलनेत क्वचित येते. ती म्हणजे मजकुरातली निळी लिंक. ती कशी दिसते, दाबल्यावर कुठे उघडते आणि पाठवणाऱ्यापासून वाचणाऱ्यापर्यंत येताना तिचं काय काय होतं, याबाबत प्रत्येक प्रोग्रॅमचा खाक्या वेगळा आहे.

खालचं बोलणं एका मामा-भाचीचं आहे. मामा पुण्यातल्या एका त्रैमासिकाचं मुद्रितशोधन आणि लेखकांशी पत्रव्यवहार बघतो. थंडरबर्ड वापरतो, तेही रंग, चित्रं, ठळक अक्षरं असं सगळं बंद करून, निव्वळ मजकूर. भाची सांगलीकडच्या एका सहकारी बँकेत संगणक विभागात आहे आणि बँकेच्या मेलची व्यवस्था तिच्याकडे आहे. ऑफिसात आऊटलुक, फोनवर जीमेल. मी मामाचा मित्र. माझा कल आधीपासून मामाकडे होता, हे वाचकाने लक्षात ठेवलेलं बरं.

मामा : परवा तू एक मेल फॉरवर्ड केलीस, त्यातली लिंक मला ओळखूच आली नाही. सुरुवातीला कुठल्यातरी सुरक्षा कंपनीचं नाव, मग टक्क्यांची चिन्हं, आकडे, परत टक्के. ओळीमागून ओळी. शोधता शोधता मध्ये कुठेतरी विकिपीडिया सापडला.

भाची : ती मी नाही बदलली रे. बाहेरून आलेली मेल आमच्या आवारात शिरतानाच तिच्यातल्या सगळ्या लिंका बदलल्या जातात. मायक्रोसॉफ्टचं ‘सेफ लिंक्स’ २०१५ पासून हेच करतं, इतर कंपन्यांच्याही अशा सेवा आहेत. लिंक दाबली की आधी त्यांच्या सर्व्हरकडे जाते, त्या क्षणी तपासली जाते आणि मगच पुढचं पान उघडतं.

मामा : तपासायची तर मेल येते तेव्हाच तपासा की.

भाची : तेव्हा तपासून भागत नाही. चोर रात्री मेल पाठवतो तेव्हा लिंकमागचं पान अगदी साधंसुधं असतं. सकाळी शाखा उघडते तोवर तिथे आमच्या लॉगिनची हुबेहूब नक्कल येऊन बसलेली असते. पत्ता तोच, आतला माल बदललेला. म्हणून दाबण्याच्या क्षणी बघणारं कोणीतरी लागतं.

मामा : म्हणजे पोस्टमनने पाकिटावरचा पत्ता खोडायचा, त्यावर स्वतःच्या घरचा पत्ता घालायचा आणि म्हणायचं, आधी माझ्याकडे या, पसंत पडलं तर पुढे सोडतो.

भाची : पोस्टमनने मनाने नाही घातला. बँकेने घालायला सांगितला. काउंटरवर बसणाऱ्या माणसाने दिवसाकाठी किती मेल उघडायच्या आणि त्यातल्या प्रत्येक लिंकचं स्पेलिंग तपासत बसायचं का? तो कर्जाची फाइल बघेल की टी-एलऐवजी टी-आय आहे का ते बघेल?

मामा : पण तुम्हीच त्याला प्रशिक्षण देता ना, ‘दाबण्याआधी पत्ता वाचा’ म्हणून? आणि मग सगळ्या लिंका एकाच नावाने सुरू होणार. वाचायचं काय त्याने? उद्या चोरानेच तशी गुंडाळलेली लिंक पाठवली तर तुझा माणूस ते सुरक्षेचं नाव बघून डोळे मिटून दाबेल.

भाची : पाठवतातच. तशा चाली झालेल्या आहेत, नाही म्हणत नाही. पण आता आऊटलुकमध्ये कर्सर नेला की मूळ पत्ता दिसतो, गुंडाळी मागे राहते.

मामा : तुझ्या आऊटलुकमध्ये. तिथून बाहेर पडली, छापली, कॉपी केली की पुन्हा टक्के. आणि ती पुढे पाठवलेली मेल वाचायची कोणी? मी.

हा मुद्दा भाचीने तिथेच सोडला. सुरक्षेच्या बहुतेक युक्त्या त्या आवारापुरत्या विचार करतात आणि मेल मात्र आवाराबाहेर जाण्यासाठीच जन्माला आलेली असते. मला वाटलं मामा इथेच जिंकला. पण त्याला इतिहासात शिरायची सवय आहे आणि तिथेच तो अडकतो.

मामा : विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट खुलं केलं. त्यानंतरची ती शेल खाती तुला ठाऊक नसतील. काळा पडदा, त्यावर अक्षरं, मेल वाचायला पाइन. चित्र नाही, रंग नाही, माऊसचा संबंध नाही. लिंक म्हणजे वाचायचा मजकूर. दिसतं तेच असतं. ‘इथे क्लिक करा’ लिहून खाली भलताच पत्ता दडवायची सोयच नव्हती.

भाची : आणि ती लिंक दोन ओळींत तुटून यायची, ते नाही सांगत.

मामा : तुटायची. मेलचा नियम असा, की ओळीत ७८ अक्षरांहून जास्त असू नयेत, आणि ९९८ हून जास्त तर चालणारच नाहीत. ७८ अशासाठी, की पडदे ८० अक्षरांचे. लांब ओळ आली की प्रोग्रॅम ती मोडायचा. लिंकचा पहिला तुकडा निळा, दुसरा काळा. उत्तर देताना प्रत्येक ओळीच्या डोक्याशी कोनाची खूण लागायची, त्यामुळे ओळ आणखी लांबायची, आणखी एकदा तुटायची. चौथ्या उत्तरापर्यंत लिंकची रांगोळी. पण उपायही होता. १९९४ साली टिम बर्नर्स-ली आणि सहकाऱ्यांनी वेबच्या पत्त्यांचे नियम लिहिले तेव्हाच परिशिष्टात सांगून ठेवलं, की पत्ता कोनी कंसात घाला, मग मध्ये ओळ तुटली तरी कंसापासून कंसापर्यंत सगळं एकच. पुढे १९९९ मध्ये ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘ही ओळ पुढे चालू आहे’ असं सांगायची पद्धतही आली.

भाची : आणि लोकांनी दोन्ही वापरलं नाही. लोकांनी काय वापरलं? टायनीयूआरएल. २००२ साली एका एकचाकी सायकलवाल्याने ती सेवा काढली, कारण त्यांच्या मंडळींच्या चर्चेत लांब लिंका टाकायला जमेना. म्हणजे बघ मामा, पत्ता लपवायची सुरुवात आम्ही नाही केली. तुझ्या त्या पवित्र साध्या मजकुरात लांब लिंक मावेना, म्हणून पत्ता झाकला गेला. मग बिटली आलं, गूगलचं स्वतःचं आलं. एवढीशी लिंक, आत काय आहे देव जाणे.

मामा : गूगलने ते २०१८ साली नवीन लोकांना बंद केलं.

भाची : केलं ना! आणि लोकांच्या जुन्या मेलमध्ये त्या लिंका तशाच पडून आहेत.

मामा गप्प बसला. चहा गार झाला होता, मी आणखी सांगितला.

पुढची गोष्ट मराठी माणसाने मुद्दाम ऐकावी अशी आहे. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत मराठी विकिपीडियाच्या पानाचा पत्ता देवनागरीत दिसतो. तो कॉपी करून मेलमध्ये चिकटवला, की बहुधा प्रत्येक अक्षराची टक्केवारी होते. देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहितात. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळी चिन्हं वेगळी मोजायची. ‘पुणे’ ३६ अक्षरांचं होतं. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अशी दहा चिन्हं आहेत, म्हणजे ९०. अख्खा पत्ता जाऊ द्या, या एका शब्दानेच ७८ ची ओळ ओलांडली. इंग्रजीत लेखन करणाऱ्याला लिंक तुटण्याचा त्रास अधूनमधून व्हायचा. मराठीत तो ठरलेलाच.

भाची : म्हणून मी म्हणते, लिंक माणसाने वाचायची वस्तूच राहिलेली नाही. जीमेलमध्ये लेखक ‘महाराष्ट्र’ हा शब्द निवडतो, त्याला लिंक जोडतो, वाचणाऱ्याला निळा ‘महाराष्ट्र’ दिसतो. नव्वद अक्षरं कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत. हे बरं की तुझं ते बरं?

मामा : माझ्याकडे लेखकांच्या मेल येतात त्या बघ. तळटिपांची यादी, बावीस संदर्भ, सगळे निळे शब्द. मी छापायला घेतो तेव्हा निळा शब्द कागदावर काळा होतो आणि पत्ता गायब. आणि जे लेखक पत्ता लिहितात ते त्याला प्रत्यय चिकटवतात. अमुक डॉट इनवर, तमुक डॉट ऑर्गमध्ये.

भाची : हां, ही आमच्याकडेही कटकट आहे. बँकेच्या सूचनांमध्ये ‘संकेतस्थळावर’ म्हणून पत्त्याला ‘वर’ जोडलेला, तो लिंकमध्ये गेला, आणि लोक म्हणतात पान उघडत नाही.

मामा : कारण प्रोग्रॅमला कळत नाही पत्ता कुठे संपला. काही प्रोग्रॅम रोमन अक्षरं संपली की थांबतात. मग ‘वर’ बाहेर राहतो, पण कोणी देवनागरी पत्ता तसाच लिहिला तर तो अर्ध्यात कापला जातो. काही देवनागरीही पत्त्यात धरतात. मग विकिपीडिया उघडतो आणि ‘वर’ आत गिळला जातो. कुठलाही नियम लाव, मराठी एका बाजूने मार खातेच. इंग्रजीला प्रत्यय सुटे, त्यांना हा प्रश्नच पडला नाही. त्यांचा सगळा वाद शेवटचा पूर्णविराम आणि कंस आत धरायचा की बाहेर, एवढ्यावर.

भाची : आणि जिथे लिंक नाही तिथे ती करतात, त्याचं काय? रोमनमध्ये मराठी लिहिताना माणूस टिंबानंतर जागा सोडत नाही. ‘नाही’, टिंब, लगेच ‘तो’. झाली लिंक तयार! ‘टीओ’ हा टोंगा देशाचा पत्ता. ‘ना’ लिहिलंस तर नामिबिया, ‘ला’ लिहिलंस तर लाओस.

मामा : माझ्या थंडरबर्डमध्ये नाही होत असलं, सुरुवातीला एचटीटीपी किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असेल तरच तो निळं करतो.

भाची : आणि बाकीच्यांना ते गैरसोयीचं वाटतं, कारण ते नुसतं नाव लिहून लिंक व्हायची वाट बघतात. २०२३ मध्ये गूगलने ‘झिप’ हे पत्त्याचं शेपूट विकायला काढलं. आता ‘अहवाल डॉट झिप’ असं फाइलचं साधं नाव मेलमध्ये लिहिलं तर ती लिंक होऊ शकते, आणि ते नाव कोणी आधीच विकत घेऊन ठेवलं असेल तर वाचणारा थेट त्याच्या दारात. फाइल जोडलेली असते एकीकडे, माणूस दाबतो भलतीकडे.

लिंक दाबल्यावर कुठे उघडते यावर दोघांचं फारसं भांडण झालं नाही, म्हणून ते थोडक्यात देतो. थंडरबर्ड लिंक सरळ तुमच्या ठरलेल्या ब्राउझरकडे सोपवतो. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये ठरवलं, की आऊटलुकमधल्या लिंका ठरलेला ब्राउझर कोणताही असो, आपल्या एज ब्राउझरमध्येच उघडतील. सेटिंगमधून बदलता येतं, पण ते सेटिंग शोधायला लागतं. आयफोनवर २०२० पर्यंत ठरलेला ब्राउझर बदलायची सोयच नव्हती. अँड्रॉइडवरचं जीमेल पान स्वतःच्याच अंगावर उघडतं, हेही बंद करता येतं. मामा म्हणाला, कंपनी स्वतःच्या ब्राउझरकडे ओढते त्याला सुरक्षा म्हणू नका. भाची म्हणाली, मी कधी म्हटलं?

भाची : तुझी सगळी मांडणी कर्सरवर उभी आहे मामा. कर्सर नेला, खाली पत्ता दिसला, वाचला, ठरवलं. आमचे खातेदार मेल कशावर वाचतात? फोनवर. फोनला कर्सर कुठाय? अँड्रॉइडवर बोट दाबून धरलं तर पत्ता दिसतो, पण हे कोणाला माहीत आहे? आणि आयफोनवर दाबून धरलं की ॲपल मेल त्या पानाची झलकच उघडून दाखवतं. म्हणजे तपासायला गेलो आणि भेट देऊन आलो.

मामा : झलक बंद करता येते.

भाची : तुला येते. शिराळ्याच्या आज्जींना येते का?

मामाकडे याला उत्तर नव्हतं आणि मलाही सुचलं नाही. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत खरा पत्ता दाखवायचा, ही इंटरनेटवरची सगळ्यांत प्रामाणिक सोय. फोन आला आणि ती जवळजवळ नाहीशी झाली. तिच्या जागी काही तितकं साधं आलेलं नाही.

मामा : प्रोटॉन मेल बघ. लिंक दाबली की थांबवतो, पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत दाखवतो, जायचं का विचारतो. पत्त्याला हात लावत नाही, माणसाला थांबवतो. फोनवर हे करता येतंच की. आणि हे फार जुनं आहे. युडोरा नावाचा प्रोग्रॅम होता, इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नरने १९८८ मध्ये केलेला. त्याच्या ६.२ आवृत्तीत ‘स्कॅमवॉच’ होतं. निळ्या अक्षरांत एक पत्ता आणि आत दुसरा, असं असलं की तो सावध करायचा. २००६ ला त्याचं काम थांबलं. गेला बिचारा.

भाची : तुझा थंडरबर्डही २००६ पासून तेच करतो. आणि किती वेळा खोटं ओरडतो? बातमीपत्र आलं की ‘ही फसवणूक असू शकते’. कारण बातमीपत्रातली प्रत्येक लिंक पाठवणाऱ्याच्या मोजणीच्या सर्व्हरवरून जाते, म्हणजे दिसतं एक आणि असतं दुसरं. सरळ धंदा करणारेही चोरासारखीच लिंक करतात. रोज खोटी आरोळी ऐकली की माणूस खऱ्या आरोळीला उठत नाही. प्रोटॉनचं ते ‘जायचं का’सुद्धा आठवड्याभराने न वाचता ‘हो’ होतं.

मामा : मग सरळ धंदेवाल्यांनी तशी लिंक करू नये.

भाची : आणि डोळ्यांनी वाचूनही फसतं. २०१७ साली एका संशोधकाने ॲपलच्या नावाचा पत्ता घेऊन दाखवला. सगळी अक्षरं रशियन लिपीतली, दिसायला तंतोतंत. त्या वेळी क्रोम आणि फायरफॉक्सही ओळखू शकले नाहीत. आपल्या देवनागरीत डॉट भारत २०१४ पासून मिळतं, पण मेलमध्ये ते कधी देवनागरी दिसतं, कधी ‘एक्सएन’पासून सुरू होणारी रोमन खिचडी. खातेदाराने कोणतं खरं मानायचं? म्हणून रिझर्व्ह बँकेने हा वाद दुसऱ्या टोकाला पकडला. सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं, आणि ते शेपूट बँकेखेरीज कोणाला मिळणार नाही. वाचायचं तर तेवढंच वाचा.

मामा : ही खरी सुधारणा. यात प्रोग्रॅमने लिंकला हात लावला नाही. पत्ताच वाचण्यासारखा केला.

इथवर मामाचं तत्त्व अभंग होतं. लिहिणाऱ्याने जो पत्ता लिहिला तोच वाचणाऱ्यापर्यंत पोचला पाहिजे, मधल्याने त्यात ढवळाढवळ करू नये. मग माझ्याकडूनच गडबड झाली. मी सहज म्हणालो, ॲपलने २०२३ पासून आयफोनच्या मेलमध्ये लिंकच्या शेवटी जोडलेल्या काही खुणा काढून टाकायला सुरुवात केली आहे. तुम्ही कुठल्या जाहिरातीवरून आलात, हे फेसबुक किंवा गूगलला सांगणारं ते शेपूट.

मामा : फार छान काम. सगळ्यांनी करावं.

भाची : थांब. प्रोग्रॅमने लिंक बदलली, पाठवणाऱ्याला न विचारता. तुला चालतं?

मामा : ते शेपूट पत्त्याचा भाग नाही. त्यावाचूनही पान उघडतं.

भाची : हे कोण ठरवणार? पाठवणाऱ्याने ते मुद्दाम घातलं होतं. त्याच्या दृष्टीने तोही पत्ताच. ॲपलने वाचणाऱ्याच्या भल्यासाठी काढलं. मीही वाचणाऱ्याच्या भल्यासाठीच गुंडाळते.

मामा : ॲपल काढतो आणि जे राहतं ते मला वाचता येतं. तू घालतेस आणि जे होतं ते वाचता येत नाही. शिवाय मी कुठली लिंक दाबली हे आता आणखी एका कंपनीला कळलं.

भाची : ते कळतं. जीमेलवरही कळतं, वेबवरच्या जीमेलमध्ये खाली मूळ पत्ता दिसतो आणि दाबल्यावर गाडी गूगलच्या सर्व्हरवरून जाते. तुला फक्त दिसत नाही म्हणून चाललं.

मामा : कोण म्हणतं चाललं? उलट ते जास्त वाईट. तुझी लिंक निदान कुरूप तरी आहे, बदललेली आहे हे दिसतं.

हे मामाच्या तोंडून आलं, याचं मला नवल वाटलं, आणि माझं मतही तिथे जरा हललं. लिंकला हात लावला की नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून कमी महत्त्वाचा वाटतो. हात लावलेला दिसतो का, आणि मूळ पत्ता परत काढता येतो का, हे मी आता आधी बघतो. सेफ लिंक्सच्या त्या लांब ओळीत मूळ पत्ता आत शाबूत असतो, खटपट केली तर निघतो. छोट्या केलेल्या लिंकमध्ये तो नसतोच. सेवा बंद पडली की संपलं. या मापाने मोजलं तर भाचीचं ऑफिस मामाच्या लेखकांपेक्षा बरं वागतं. मामाला हे मी सांगितलं नाही.

मामा : बरं, ती तपासणारी यंत्रं लिंक नुसती बघतात का? उघडतात ना? मग एकदाच चालणाऱ्या लिंकचं काय होतं?

भाची : (हसून) तू बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. पासवर्ड बदलायची लिंक एकदाच चालते. माणसाच्या आधी तपासणी-यंत्र ती उघडून बघतं आणि माणूस दाबतो तेव्हा ‘लिंकची मुदत संपली’. आमच्याकडे तक्रारी आल्या, आम्हाला आधी कारणच कळेना. आता आम्ही लिंक उघडल्यावर आणखी एक बटण ठेवलंय. ते दाबेपर्यंत काही होत नाही, आणि यंत्र बटण दाबत नाही.

मामा : आणि ‘मेल बंद करा’ची लिंक? यंत्राने उघडली की माणसाची मेल बंद?

भाची : व्हायचं तसं. म्हणून २०१७ मध्ये नवा नियम लिहिला गेला, की बंद करायची विनंती मेलच्या हेडरमधून वेगळ्या पद्धतीने जाते, नुसती लिंक उघडून नाही. २०२४ पासून जीमेल आणि याहू मोठ्या प्रमाणावर जाहिरात पाठवणाऱ्यांकडे ते मागतात. जीमेलमध्ये वर ‘अनसबस्क्राइब’ दिसतं ना, ते.

मामा : म्हणजे आधी लिंका तपासायला यंत्र आणलं, मग यंत्रापासून लिंका वाचवायला नियम आणला.

भाची : हो. आणि तरी चोर येतातच. म्हणून मी वर प्रस्ताव दिलाय, की खातेदारांना जाणाऱ्या मेलमध्ये यापुढे लिंकच नको. एकही नको. ‘बँकेच्या मेलमध्ये लिंक नसते’ एवढं एक वाक्य लोकांच्या डोक्यात बसलं तरी पुष्कळ.

मामा : आणि माणूस पोचणार कसा तुमच्या साइटवर? गूगलवर बँकेचं नाव टाकेल आणि सगळ्यांत वरची जाहिरात दाबेल. तिथे खोटे ग्राहकसेवा क्रमांक घेऊन बसलेत लोक. मेलमधली लिंक काढून तू त्याला बाजारात सोडतेस.

भाची : म्हणून पत्ता लिहायचा. लिंक करायची नाही. साध्या काळ्या अक्षरांत, नाव डॉट बँक डॉट इन, ‘हा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा.’ तुझ्या पाइनसारखं, वाचायचा मजकूर.

मामा : आणि जीमेल तो निळा करेल.

भाची : ...करेल.

मामा : कोणी न सांगता.

भाची : टिंबाआधी जागा सोडते मग. नाव, जागा, टिंब, बँक.

मामा : ती जागा तुमचा मुद्रितशोधक पहिल्या फटक्यात काढेल. मी काढली असती.